जर्मनीला मुलं पाठवायला निघालेल्या काका-काकूंना खुले पत्र

आदरणीय काका-काकू,

ऑक्टोबर लागला की लाइपझिगच्या मुख्य स्टेशनवर मराठी हमखास कानावर पडतं. दोन मोठ्या बॅगा, पाठीला सॅक, छातीशी धरलेली कागदपत्रांची फाइल आणि फोनवर चाललेलं, "हो आई, पोचलो. थंडी आहे, पण ठीक आहे." या मुलामुलींना मी गेली काही वर्षं जमेल तशी मदत करते. घर शोधायला सोबत जाते, सरकारी पत्रं वाचून दाखवते, कधी नुसती पिठलं-भाकरी करून जेवायला बोलावते. जेवताना मुलं जे बोलतात, ते तुम्हाला सांगत नाहीत. मीही माझ्या घरी सांगत नव्हते. म्हणून हे पत्र मुलांना नाही, तुम्हाला लिहिते आहे.

मी कराडची. २०१८ मध्ये मेकॅनिकलचं मास्टर्स करायला केम्निट्झला आले. बाबा पतसंस्थेत लेखनिक होते. तेव्हा ब्लॉक अकाउंटला, म्हणजे व्हिसासाठी पहिल्या वर्षाच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायच्या खात्याला, ८,६४० युरो लागायचे. युरो ८४-८५ रुपयांना होता, म्हणजे सव्वासात लाख. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो झाली आणि युरोने शंभरी ओलांडली. आज तेवढ्यासाठीच बारा लाखांच्या आसपास उभे करावे लागतात. विमानाचं तिकीट, व्हिसा, एपीएस (आपल्या शैक्षणिक कागदपत्रांची जर्मन पडताळणी), गरम कपडे, पहिल्या महिन्यातलं घराचं डिपॉझिट हे सगळं वेगळं.

पहिला गैरसमज या बारा लाखांचाच आहे. "आम्ही पैसे भरले, आता काळजी नाही," असं मी कितीतरी पालकांच्या तोंडून ऐकलं. काका, ती फी नाही. ते तुमच्या मुलाचे स्वतःचेच खाण्याराहण्याचे पैसे आहेत. ते खात्यात अडकवून ठेवतात आणि दर महिन्याला ९९२ युरो त्याच्या हातात देतात. बारा महिने झाले की खातं रिकामं. त्यानंतर राहण्याचा परवाना वाढवायचा, तर परदेशी नागरिकांचं कार्यालय पुन्हा विचारतं, पुढच्या काळाचे पैसे कुठे आहेत? मग पुन्हा खात्यात पैसे, नाहीतर पगाराच्या पावत्या, नाहीतर शिष्यवृत्तीचं पत्र दाखवावं लागतं. हा दुसऱ्या वर्षाचा प्रश्न निघण्याआधी घरात बोलला गेलाय, असं कुटुंब मला क्वचितच भेटतं. कागदावर मास्टर्स चार सेमिस्टरचं असतं. प्रत्यक्षात आपल्या बऱ्याच मुलांना पाच-सहा सेमिस्टर लागतात. त्यात हुशारीचा काही दोष नाही. इंटर्नशिप आणि प्रबंध यांना वेळ लागतो. म्हणून हिशोब मांडाल तो तीन वर्षांचा मांडा.

आता महिन्याच्या ९९२ युरोंचं काय होतं ते पाहा. आरोग्य विमा सक्तीचा आहे, तो साधारण १५० युरोला पडतो. उरले ८४२. केम्निट्झला विद्यार्थी वसतिगृहात तीनशेच्या आसपास खोली मिळाली, तर खाणं, फोन, पुस्तकं भागवून महिना नीट जातो. म्युनिकला वाटून घेतलेल्या फ्लॅटमधली एक खोलीच साडेसातशेच्या घरात जाते. उरले ९२ युरो. सरकार दोन्हीकडे तेवढीच रक्कम मागतं, पण शहरं सारखी नाहीत. विद्यापीठाचं नाव ऐकून हरखून जायच्या आधी त्या शहरातलं घरभाडं विचारा. यात मी आग्रही आहे. मोठ्या नावाच्या शहरात मेटाकुटीला आलेली मुलं मी पाहिली आहेत आणि केम्निट्झ, मागडेबुर्ग, इल्मेनाऊसारख्या ठिकाणी शांतपणे शिकून पुढे गेलेलीही.

"जर्मनीत शिक्षण फुकट" हे वाक्यही अर्धंच खरं आहे. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, फक्त सेमिस्टरचं शुल्क असतं. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात, म्हणजे स्टुटगार्ट, कार्ल्सरूह, हायडेलबर्ग या भागात, २०१७ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो भरावे लागतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४-२५ पासून फी सुरू केली. मास्टर्सला ती सेमिस्टरमागे चार ते सहा हजार युरो आहे. खासगी विद्यापीठांची गोष्ट तर वेगळीच.

इथे एजंटांचा विषय येतो. पुण्यात, कोल्हापुरात, नाशकात "फ्री कन्सल्टन्सी" अशा पाट्या दिसतात. फुकट सल्ला देणाऱ्याचं पोट कशावर चालतं, हे तुम्ही विचारायला हवं. सरकारी विद्यापीठं विद्यार्थी आणून दिल्याचं कमिशन देत नाहीत, अनेक खासगी विद्यापीठं देतात. मग सल्ला कुठे झुकणार? सगळे एजंट वाईट नसतात, काही प्रामाणिकपणे काम करतात. तरी एक गोष्ट कुणाच्याही हातात देऊ नका: मुलाच्या अर्जाचा ई-मेल आणि पासवर्ड. सांगलीकडच्या एका मुलीच्या नावाने एजंटने नवा ई-मेल काढला होता. विद्यापीठाने एक गुणपत्रक कमी आहे, आठ दिवसांत पाठवा, असं कळवलं. ते पत्र त्या ई-मेलवर पडून राहिलं. प्रवेश गेला आणि वर्षही गेलं. तिला कारण कळलं ते तीन महिन्यांनी.

खरं तर हे अर्ज मुलांना स्वतः भरता येतात. अभ्यासक्रम शोधायला डाड या जर्मन शैक्षणिक विनिमय संस्थेची यादी सगळ्यांना खुली आहे. युनि-असिस्ट ही अनेक विद्यापीठांसाठी परदेशी अर्ज तपासणारी संस्था आहे. तिच्यामार्फत जाणाऱ्या पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला ३० युरो लागतात. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएसचं प्रमाणपत्र बंधनकारक आहे. त्याची फी १८ हजार रुपये आहे आणि त्याशिवाय व्हिसाचा अर्ज पुढे सरकत नाही. ते काम शेवटच्या सेमिस्टरलाच सुरू करा. आपल्या सीजीपीएचं जर्मन गुणांत रूपांतर करण्याचं सूत्रही मुलं पाच मिनिटांत मांडू शकतात. दहापैकी साडेसात सीजीपीए आणि उत्तीर्ण व्हायला चार लागत असतील, तर जर्मन हिशोबाने २.२५ येतात. इथे एक सर्वांत चांगला आणि चारच्या पुढे नापास. कोणत्या अभ्यासक्रमाला अडीचची अट आहे आणि कोणत्याला दोनची, हे पाहून अर्ज केले तर दहा ठिकाणी अंधारात पैसे घालवावे लागत नाहीत. आणि ज्या मुलाने हे सगळं स्वतः केलंय, तो इथे आल्यावर सरकारी पत्राला घाबरत नाही. हा फरक मला पहिल्याच आठवड्यात दिसतो.

व्हिसाच्या वेळी कागद नीट असण्याला आता आणखी महत्त्व आलंय. पूर्वी व्हिसा नाकारला तर फेरविचाराचा अर्ज करता यायचा. १ जुलै २०२५ पासून ती सोय जर्मनीने बंद केली. आता एकतर नव्याने अर्ज करायचा, नाहीतर बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात जायचं.

एक खास आपल्याकडची अडचण सांगते. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. विद्यापीठाच्या कागदावर कधी आईचंही नाव. जर्मन कारकून शेवटचा शब्द म्हणजे आडनाव असं धरून चालतो. माझ्या ओळखीतल्या एका मुलाची विमा कंपनीत वडिलांच्या नावाने नोंद झाली, बँकेत आडनावाने आणि विद्यापीठात तिसऱ्याच क्रमाने. ते जुळवायला त्याला दोन महिने लागले. पासपोर्टवर जसं नाव आहे तसंच प्रत्येक अर्जात, त्याच क्रमाने लिहायला सांगा. पासपोर्ट आणि गुणपत्रिकेत स्पेलिंगचा फरक असेल तर निघण्याआधीच दुरुस्त करून घ्या. इथून ते काम फार अवघड जातं.

घराबद्दल. प्रवेशपत्र हातात आलं, त्याच दिवशी विद्यार्थी वसतिगृहाचा अर्ज गेला पाहिजे. काही शहरांत त्याची रांग कित्येक महिन्यांची असते. आणि न पाहिलेल्या घराला भारतातून पैसे पाठवू नका. "मालक परदेशात आहेत, डिपॉझिट भरा, किल्ली कुरियरने येईल," असं कुणी सांगत असेल तर ती फसवणूक आहे. त्यात पैसे घालवलेले तीन जण मी स्वतः भेटले आहे आणि त्यातल्या दोघांनी घरी आजवर सांगितलेलं नाही. इथे घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्त्याची नोंद करावी लागते, त्याला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाचं लेखी पत्र लागतं. नोंद नाही तर कर क्रमांक नाही, परवान्याचं काम अडतं, नोकरीही अडते. म्हणून मित्राच्या खोलीत महिनाभर गादी टाकून राहणं वरवर स्वस्त दिसतं, पण महागात पडतं. घराचं डिपॉझिट मूळ भाड्याच्या तिपटीपर्यंत मागू शकतात. पहिल्या महिन्यासाठी ब्लॉक अकाउंटशिवाय दीड-दोन हजार युरो जवळ हवेत ते यासाठी.

विम्यात थोडे पैसे वाचवायला खासगी विमा घेऊ देऊ नका. विद्यार्थ्यांसाठीचा सरकारी दर तीस वर्षं वयापर्यंत मिळतो आणि एकदा त्यातून सूट घेतली की शिक्षण संपेपर्यंत परत आत येता येत नाही.

आता कर्ज. साडेसात लाखांच्या वर बँका सहसा तारण मागतात. शेतजमीन बहुतेक बँका घेत नाहीत, राहतं घर किंवा बिगरशेती प्लॉट लागतो. वीस लाखांचं कर्ज अकरा टक्क्यांनी काढलं तर सरळ हिशोबाने वर्षाचं व्याज दोन लाख वीस हजार होतं, महिन्याला अठरा हजारांच्या वर. शिकत असताना हप्ता नसतो, पण व्याज थांबलेलं नसतं. तीन वर्षांनी पहिला हप्ता यायच्या आधीच सहा लाख साठ हजार चढलेले असतात. जमेल तितकं व्याज दर महिन्याला भरत गेलात तर पुढचं ओझं बरंच हलकं होतं. कर्ज काढणं वाईट नाही. इरावती कर्वे १९२८ साली बर्लिनला डॉक्टरेटसाठी निघाल्या तेव्हा खुद्द सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचाही त्या जाण्याला विरोध होता, आणि काँग्रेसचे नेते जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेऊन त्या गेल्या. आपल्याकडे ही वाट शंभर वर्षांची जुनी आहे. फक्त कर्ज किती, कुणाच्या नावावर आणि कशावर, हे मुलाला माहीत असलं पाहिजे. "तू फक्त अभ्यास कर, पैशाचं आम्ही बघतो," हे प्रेमाने म्हटलेलं असतं. इथे आल्यावर त्याचीच भीती होते. किती ओझं आहे हेच माहीत नसलं की मन ते मोठं करत जातं.

पार्ट टाइम नोकरीच्या भरवशावर हिशोब बसवू नका. कायद्याने वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, १ मार्च २०२४ पासून ही मर्यादा वाढली. २०२६ चं किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे. कागदावर हे गोड दिसतं. पण पहिले चार-सहा महिने बहुतेकांना काम मिळत नाही आणि जर्मन येत नसेल तर गोदाम, स्वयंपाकघरातली भांडी किंवा घरोघरी जेवण पोचवणं एवढंच उरतं. त्यातही एक मेख आहे. विद्यार्थी व्हिसावर परवानगीशिवाय स्वतंत्र धंदा करता येत नाही. डिलिव्हरीची काही कामं "तू स्वतंत्र व्यावसायिक आहेस" अशा करारावर देतात आणि परवाना वाढवताना मूल अडकतं. करार नीट वाचल्याशिवाय सही नको, एवढं फोनवर निक्षून सांगा. रात्रपाळी करून सकाळी वर्गात पेंगणारी मुलं मी पाहते तेव्हा मला राग त्यांचा येत नाही. "तिकडे गेलास की आपलं आपण भागवशील" असं सांगून त्यांना विमानात बसवणाऱ्यांचा येतो.

कारण पुढे परीक्षा असतात, आणि या गोष्टीवर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. आपल्याकडे एटीकेटी लागली तरी विषय पुन्हा पुन्हा देऊन सुटतो. इथे बहुतेक विद्यापीठांत एका विषयाला तीन संधी. तिसऱ्यांदा नापास झालं तर त्या अभ्यासक्रमातून नाव कमी होतं आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीतल्या दुसऱ्या विद्यापीठातही घेता येत नाही. नाव कमी झालं की परवान्याचा आधारच जातो. परीक्षेला मुदतीत नोंदणी करावी लागते. नोंदणी करून दाखल्याशिवाय गैरहजर राहिलं तर तीही नापास धरतात.

दोन वर्षांपूर्वी मराठवाड्यातला एक मुलगा माझ्याकडे आला. एका विषयात दोनदा नापास झाला होता, तिसरी परीक्षा पाच आठवड्यांवर होती. घरी त्याने सांगितलं होतं की सगळे विषय सुटले, आता प्रबंध चालू आहे. वडिलांनी गावात पेढेही वाटले होते. त्याला झोप लागत नव्हती, आणि अभ्यासापेक्षा त्या पेढ्यांची भीती जास्त होती. त्याला मी विद्यार्थी सेवा केंद्रातल्या समुपदेशकाकडे घेऊन गेले. अशी केंद्रं जवळपास सगळ्या विद्यापीठ शहरांत असतात, सल्ला मोफत असतो आणि बहुधा इंग्रजीतूनही मिळतो. मग एका रविवारी माझ्या घरून त्याने वडिलांना फोन लावला. वडील बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारलं, "विषय कोणता आहे?" पोराला मराठीत कंट्रोल थिअरी समजावून सांगायला लागली. शेतकरी माणूस, पण अर्धा तास ऐकत होते. तो पास झाला, ४.० गुणांनी, म्हणजे अगदी काठावर. त्यात फोनचा वाटा किती, मला सांगता येणार नाही. पण त्या रात्री तो माझ्याच सोफ्यावर दहा तास झोपला होता.

काकू, मुलाला "पास झालास का?" असं विचारण्याऐवजी "कितवी संधी आहे?" असं विचारा. म्हणजे त्याला कळेल की तुम्हाला इथले नियम माहीत आहेत आणि नापास होणं हा शब्द तुमच्यासमोर उच्चारता येतो. निकाल येईपर्यंत पाहुण्यांना काही सांगू नका.

नोकरीबद्दलही खरं सांगायला हवं. शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला अठरा महिन्यांचा परवाना मिळतो. पण आपल्याकडून येणारी मुलं मोठ्या संख्येने मेकॅनिकल आणि ऑटोमोबाइलची असतात आणि नेमका तोच उद्योग इथे आकसतो आहे. फोक्सवागनने डिसेंबर २०२४ मध्ये कामगार संघटनेशी केलेल्या करारात २०३० पर्यंत ३५ हजारांहून जास्त जागा कमी करायचं ठरलं. दुसरीकडे भारतीय विद्यार्थी आता जर्मनीतला सगळ्यात मोठा परदेशी गट आहेत, २०२३-२४ च्या हिवाळी सत्रातच ते ४९ हजारांच्या वर होते. म्हणजे जागा कमी आणि रांग लांब. या रांगेत पुढे जायला सीजीपीएपेक्षा भाषा उपयोगी पडते. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी मुलाखत, कारखान्यातला फोरमन आणि घरमालक जर्मनच बोलतात. निघण्याआधी जर्मनची निदान ए-दोन (प्राथमिक) पातळी, आल्यावर दीड वर्षात बी-दोन (बऱ्यापैकी सफाईदार). पुण्यात आणि मुंबईत मॅक्स म्युलर भवन आहे, इतरही चांगले वर्ग आहेत. बारावीनंतर सुट्टीतच सुरुवात करता येते. एजंटच्या फीचे पैसे वाचवून भाषेला घाला.

शेवटी माझं सांगते. २०१८ च्या डिसेंबरपासून सात महिने मी बाबांना सांगत होते की मला विद्यापीठात काम मिळालंय, पैशाची काळजी करू नका. काम मिळालं नव्हतं. मी एक वेळ जेवत होते आणि दुसरं वर्ष जवळ येत होतं. जूनमध्ये परवाना वाढवण्याची तारीख आली तेव्हा सांगावंच लागलं. बाबा रागावले नाहीत. त्यांनी वही घेतली आणि म्हणाले, खात्याचा उतारा वाच. मी एकेक नोंद वाचत गेले, ते लिहीत गेले. मध्येच थांबून विचारलं, "हे तीन महिन्यांनी साडेबावन्न युरो कसले?" मी म्हटलं, रेडिओ-टीव्हीचं शुल्क, महिन्याला साडेसतरा, प्रत्येक घराला भरावंच लागतं. "घराला ना? मग तुम्ही तिघी राहता आणि ते तुझ्या एकटीच्या खात्यातून का जातं?" जर्मनी कधी न पाहिलेल्या माणसाने कराडात बसून ही चूक काढली. पुढच्याच आठवड्यात मैत्रिणींनी आपापला वाटा दिला. दुसऱ्या वर्षासाठी बाबांनी मुदतठेव मोडली आणि ती किती रुपयांची होती तेही मला सांगितलं. तेव्हापासून दर रविवारी आमच्या फोनची पहिली पंधरा मिनिटं त्या वहीची असायची. जेवलीस का, हे त्यानंतर.

तशी एक वही आणा. पहिलं पान मुलाला निघायच्या आधी, तुमच्यासमोर बसून लिहू द्या.

तुमची,
कराडची एक मुलगी, सध्या मुक्काम लाइपझिग

ता. क. कुकर देणार असाल तर स्टीलचा, सपाट बुडाचा द्या. इथे गॅस क्वचितच असतो आणि इंडक्शनवर ॲल्युमिनियमचा कुकर तापत नाही. गोडा मसाला मात्र भरपूर द्या, तो इथे सहज मिळत नाही.